आठ दिवस बसून बघा

"पैसे मी आणलेत हो, बाई... पण ते तुमच्या हातात देता येत नाहीत!"

एवढं बोलून त्या सत्तरीच्या मास्तरीणबाईंना रडूच कोसळलं, आणि खुर्चीवाली हातातला दाभण तसाच धरून त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली. सकाळची वेळ. दारातच कारखाना मांडलेला. कारखाना म्हणजे काय, घराची पुढची खोली! मधोमध कुणाचा तरी पोट फाडलेला सोफा, त्याच्या स्प्रिंगा बाहेर आलेल्या. कोपऱ्यात तिचे वडील स्टुलावर बसून जुन्या लाकडातले खिळे उपसत होते. आणि लेक छकुली (वय वर्षं एकोणीस, पण नाव काही सुटलं नाही) एका पायात बूट घालून दुसरा शोधत घरभर लंगडत होती. अशा भरल्या घरात, सगळ्यांच्या देखत, मास्तरीणबाईंनी पर्समधून दोन वस्तू काढल्या. एक पाकीट, त्यात आरामखुर्चीचे ठरलेले पैसे. आणि एक कागद, त्यावर कोर्टाचा शिक्का.

"खुर्ची काय सुरेख केलीत हो! आठ दिवस बसले, पाठ कशी ती दुखली नाही. आज पैसे द्यायला निघणार, तर काल हे दारात. तुम्हीच वाचा. मी जन्मभर वर्गात मोठ्यानं वाचलं, पण हे मला वाचवेना..."

तिनं वाचलं. भाषा अशी की चार वेळा वाचावी तेव्हा कुठे शेपूट हाती लागावं. पण मतलब साधा होता. या बाईंचे जे काही पैसे तुम्ही देणं लागता, ते त्यांना देऊ नका, कोर्टात भरा. त्यांना दिलेत तर तुम्हाला पुन्हा भरावे लागतील. कशासाठी? तर बँकेच्या थकलेल्या कर्जासाठी. कर्जदार दोन. एक तिचा पूर्वीचा नवरा. आणि दुसरी... दुसरी ती स्वतः!

तिच्या कानात नुसतं घूं घूं व्हायला लागलं. चार वर्षांपूर्वी ज्या माणसापासून ती कायद्यानं, कागदानं, अश्रूंनी वेगळी झाली होती, त्याच माणसाच्या नावाशेजारी तिचं नाव पुन्हा छापून आलं होतं, आणि तेही एका परक्या, प्रेमळ म्हातारीच्या हातात!

"आई, काय झालं?" छकुलीनं विचारलं.

"काही नाही. तू बूट शोध," ती म्हणाली, आणि मास्तरीणबाईंना पाणी आणायला आत गेली.

आता या कर्जाची हकिकत सांगायलाच हवी. नवरा सुतार. हात असा की लाकडानं मुकाट्यानं ऐकावं. ही खुर्च्या-सोफ्यांच्या बैठका करणारी, बापाच्या हाताखाली शिकलेली. तो सांगाडे करी, ही त्यांवर गादी चढवी, आणि दोघांचा धंदा छान चालला होता. तेवढ्यात त्याच्या डोक्यात काचेच्या दुकानानं घर केलं. मोठं दुकान हवं, रस्त्यावर हवं, काचेमागे सोफे दिसायला हवेत, दिवे हवेत, चार कारागीर हवेत! ती नको नको म्हणत राहिली. तो म्हणाला, "तुझं मनच कोतं." त्या एका शब्दानं ती अशी दुखावली की हट्टानं बँकेत जाऊन कर्जाच्या कागदावर त्याच्या सहीखाली आपली सही ठोकून आली. घे, हे कोतं मन! दुकान दोन वर्षांत बसलं. त्याच्यामागोमाग संसारही बसला. वेगळं होताना तिनं घरावरचा हक्क सोडला, आणि त्याच्या बदल्यात कागदावर लिहून घेतलं की कर्ज सगळं तो फेडील. मुलगी माझी, मशीन माझं, कर्ज तुमचं! एवढं करून ती वडिलांच्या या तीन खोल्यांत परत आली, आणि मान ताठ ठेवून कामाला लागली.

आणि मग तिनं जे केलं ते तिच्यासारख्या मानी बाईनंच करावं. गेल्या वर्षी बँकेचं पत्र आलं. तिनं ते उघडलंही नाही. पाकिटावरचं नाव तसंच ठेवून खालच्या पत्त्यावर चिठ्ठी चिकटवली, तिच्यावर नवरा आता काम करी त्या, जुन्या दुकानामागच्या वखारीचा पत्ता लिहिला आणि पेटीत टाकून दिलं. ज्याचं त्याला! पुढे कोर्टाचं आलं, तेही तसंच धाडलं. त्यानंतर एक सभ्य गृहस्थ घरी येऊन गेले. बँकेतून आलोय म्हणाले, आणि जाता जाता सहज विचारलं, "काय ताई, कामं कशी काय?" बास! हिची छाती फुगली. सोडलेल्या नवऱ्याच्या बँकेला कळू दे की मी कशी उभी आहे! तिनं त्यांना चहा पाजला आणि दातांच्या डॉक्टरांपासून नाट्यगृहापर्यंत सगळी गिऱ्हाइकं मोठ्या तोऱ्यात मोजून दाखवली. त्यांनी चहा पिता पिता ती लिहून घेतली. आपल्याच हातानं तिनं जप्तीची यादी लिहून दिली, म्हणा ना!

बरं, एवढ्यानंही फारसं बिघडलं नसतं. चार पैसे आगाऊ घेणारी असती, तर कोर्टाला पकडायला उरलंच काय असतं? पण हिची रीतच न्यारी. बापानं शिकवलेली. खुर्ची पोचती केली की म्हणायचं, "आठ दिवस बसून बघा. रुतली, टोचली, करकरली तर मी आहे. नाही झालं काही, तर मग पैसे." त्या रीतीवर तिचं नाव झालं होतं. आणि त्या रीतीमुळेच तिची सगळी कमाई, कुठल्याही दिवशी बघा, दुसऱ्यांच्या घरात बसलेली असायची! ती आता एका फटक्यात सगळीच्या सगळी अडकली.

सगळ्यांत मोठं अडकलं ते नाट्यगृहाचं. तीनशे खुर्च्या नव्यानं भरायच्या होत्या, एकेका रांगेचे पैसे ती रांग आठ दिवस प्रेक्षकांच्या बुडाखाली टिकली की मिळायचे. पाच रांगा झाल्या होत्या. दोन रांगांचे पैसे यायचे होते, आणि त्यांतूनच पुढच्या रांगेचं कापड आणि फोम घ्यायचा होता. ते नाही आले तर काम थांबणार, मुदत चुकणार, काम दुसऱ्याकडे जाणार... आणि मग या पुढच्या खोलीतलं मशीन विकून तिनं काय, लोकांकडे धुणीभांडी करायची?

दुसऱ्या दिवशी ती कागद घेऊन वकीलबाईंकडे गेली. गरिबांना फुकट सल्ला देणाऱ्या त्या वकीलबाई तरुण होत्या, पण बोलणं आजीसारखं. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, घटस्फोटाचा आणि कर्जाचा.

"हे बघा ताई, कर्ज त्यांनी फेडायचं, तुम्ही नाही, हे ठरलं ते तुमच्या दोघांत. बँक त्यात कुठं होती? बँकेच्या कागदावर दोन सह्या आहेत त्या आहेत. घटस्फोट तुमचा झाला, बँकेचा नाही."

"पण पैसे त्यांनी घेतले, दुकान त्यांनी घातलं! मग बँक माझ्याच मानेवर का?"

"कारण त्यांच्याकडे धरण्यासारखं काही दिसत नाही आणि तुमच्याकडे दिसतं. पगार असता तर पगारातून कापलं असतं. तुमचा स्वतःचा धंदा, म्हणून गिऱ्हाइकांना पत्रं गेली. त्यांच्यावर तुम्ही दावा लावू शकता, तो हक्क तुमचा आहे. पण त्याला वर्षं लागतील."

वर्षं! आणि तिच्याकडे कापडाच्या दुकानदारानं तागा राखून ठेवायला दिलेले दिवस होते पंधरा.

नाट्यगृहाचे व्यवस्थापक मात्र भला माणूस. पोट सुटलेलं, चष्मा कायम कपाळावर, स्वभावानं खट्याळ. त्यांनी तिला ऑफिसात बोलावलं, दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाले, "ताई, रडू नका. कोर्टाचं पत्र आलंय शुक्रवारी. आपण गुरुवारची पावती करू! पैसे आधीच दिले म्हणतो. संपलं. नाटकाच्या घरात एवढं नाटक चालतं."

एक क्षण... खोटं कशाला सांगू, चांगला मिनिटभर तिला मोह पडला. पेन समोर होतं. पावतीबुक समोर होतं. तिच्या डोळ्यांपुढे कापडाचा तागा नाचायला लागला. मग तिनं पावतीबुक परत सरकवलं.

"नको हो साहेब. एकदा रागाच्या भरात सही केली, तिची फळं भोगतेय. आता खोटी सही करून तुम्हालाही त्यात ओढू? त्यापेक्षा मी त्या माणसाची गचांडीच धरते. चार वर्षं माझ्या घरात आरामात लोळतोय, आणि मी इथे गुडघे फोडतेय!"

घरी येऊन तिनं पर्स उचलली, चपला चढवल्या. तेवढ्यात कोपऱ्यातून वडिलांचा आवाज आला.

"जाऊ नकोस त्याच्याकडे."

"का नको? बाबा, तुम्ही सुद्धा त्याचीच बाजू..."

"बाजू नाही गं." म्हाताऱ्यानं हातातली पक्कड खाली ठेवली. "त्यानं बँकेचे हप्ते का बुडवले ते मला ठाऊक आहे. ते पैसे या घरात आलेत."

ती उंबऱ्यातच थिजली.

"दुकान काढलं तेव्हा मी त्याला माझी पुंजी दिली होती. सोफ्यांच्या कारखान्यातून निवृत्त होताना मिळालेली, सगळी. तुला सांगितलं नव्हतं. तू नको म्हणाली असतीस. तुमचं मोडलं, त्यानंतर महिन्यानं तो मला वाचनालयात गाठून म्हणाला, 'बाबा, तुमचे पैसे मी बुडवणार नाही.' तेव्हापासून दर महिन्याला पाकीट देतो. चार वर्षं झाली. पहिली तीन वर्षं बँकेचंही भरत होता. गेल्या वर्षी त्याची कामं कमी झाली. दोन्ही जमेनात. तेव्हा त्यानं माझं चालू ठेवलं. बँकेचं विचारलं तर 'मी बघतो' म्हणायचा, आणि मी... मीही खोदून विचारलं नाही."

"आणि त्या पैशांचं काय केलंत तुम्ही?" तिला उत्तर कळलंच होतं. तरी तिनं विचारलं.

"पोरीची फी."

छकुलीच्या कॉलेजची फी! निवृत्त कामगारांच्या निधीतून नातवंडांच्या शिक्षणाला मदत मिळते, असं बाबा म्हणाले होते, आणि तिनं त्या निधीला किती किती दुवा दिला होता! आतल्या खोलीच्या दारात छकुली उभी होती. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"म्हणजे माझीच फी भरून आईची कमाई जप्त झाली? आजोबा, मला तरी सांगायचंत!"

"कुणाला सांगू, बाळा? ही तुझी आई... हिला कळलं असतं तर पाकीट रस्त्यावर फेकलं असतं हिनं! फेकलं असतंस की नाही, सांग!"

उत्तर 'हो' होतं. तिचा ऊर क्रोधानं भरून आला होता, आणि त्या क्रोधाला धरायला जागा सापडत नव्हती. कुणावर रागवायचं? ज्या मायेनं लेकीला शिकवलं, त्याच मायेनं तिला रस्त्यावर आणलं होतं! ती एवढंच म्हणाली, "तुम्ही सगळ्यांनी मिळून मला माझ्याच घरात परकी केलंत, बाबा." आणि निघाली. त्यानंतर अकरा दिवस ती वडिलांशी एक अक्षर बोलली नाही. जेवायला वाढलं, औषध हातावर ठेवलं, पण शब्द नाही. म्हातारा खिळे उपसत राहिला, आणि सगळे उपसून झाले तेव्हा उगाच सरळ करत बसला.

त्या दिवशी ती निघाली ती थेट वखारीवर, आणि वखारीच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो सापडला. ती दारातच थांबली. चार वर्षं ती रोज मनातल्या मनात त्याला त्या घराच्या खिडकीत बसवत आली होती, पाय पसरून, आरामात, तिच्या वाट्याच्या उजेडात. तिचा सगळा राग त्या खिडकीवर उभा होता. आणि इथे भिंतीला फळ्या, फळ्यांमागे गुंडाळलेलं अंथरूण, खिळ्याला दोन शर्ट, आणि भुशानं पांढरे झालेले त्याचे केस... का ते खरोखरच पांढरे झाले होते?

तो रंधा ठेवून उभा राहिला. "तू?" आणि मग घाईघाईनं स्टूल पुसायला लागला.

"घर कुठाय?" तिनं विचारलं. एकेकाळी त्याला 'अहो' म्हणायची, आता ते तोंडात येईना, आणि त्याच्या जागी दुसरं काही सापडेना.

"विकलं. दुकानातल्या चौघांचे सहा-सहा महिन्यांचे पगार राहिले होते. पोराबाळांची माणसं ती."

"मग माझे बाबा. मग कधीतरी बँक. आणि मी कितवी? माझी गिऱ्हाइकं हातात पैसे घेऊन रडत येतायत माझ्या दारात! कोर्टानं सगळं अडवलंय. तुमचा चांगुलपणा मी भोगतेय, कळतंय का?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याला खरंच ठाऊक नव्हतं. "तुझे पैसे? पण आपण तर लिहिलं होतं ना, की माझ्यावर... मला वाटलं, आले तर माझ्यावरच येतील. माझ्याकडे नेण्यासारखं काय आहे? हा रंधा? म्हटलं, बँकेचं काय, ती कुठं उपाशी मरतेय, थांबेल. बाबांचं वय थांबणारं नाही."

"आणि मी पत्रं पाठवली ती?"

"ती तू पाठवलीस?" तो बघतच राहिला. "मला दर वेळी दोन दोन यायची. एक माझं, एक तुझ्या नावाचं. मला वाटलं, बँकेलाच आपलं मोडल्याचं माहीत नाही. तुझं म्हणून उघडली नाहीत. ती बघ, जपून ठेवलीत."

फळीवर, लाकूड घासायच्या शिरीषकागदाच्या डब्याशेजारी, तिची पत्रं नीट एकावर एक रचून ठेवलेली होती. न उघडलेली! तिनं न उघडता धाडलेली, त्यानं न उघडता जपलेली! काय म्हणावं या दोन शहाण्यांना? तिला हसू आलं, आणि हसता हसताच असा हुंदका फुटला की ती त्या पुसलेल्या स्टुलावर मटकन बसली आणि चार वर्षांचं रडून घेतलं. तो जवळ आला नाही. तेवढा त्याला पोच होता. समोर उभा राहून तोही डोळे पुसत होता, आणि भुशाच्या हातानं पुसल्यामुळे ते आणखीच लाल होत होते.

"काचेचं दुकान नको म्हणालीस ते बरोबर होतं," तो अखेर म्हणाला. "कोतं मन म्हणालो ते चूक होतं. चार वर्षं हे वाक्य पाठ करून ठेवलंय... म्हणायला समोर कुणी नव्हतं."

तिनं पदरानं तोंड पुसलं. या एका वाक्यासाठी आपण किती वाट पाहिली हे तिचं तिलाच आत्ता कळत होतं. मोडलेलं काही त्यानं जुळणार नव्हतं, आणि ती जुळवायला आलीही नव्हती. पण छातीवर चार वर्षं बसलेलं काहीतरी उठून बाजूला झालं.

"नाट्यगृहातल्या खुर्च्यांचे लाकडी हात सगळे खिळखिळे झालेत," ती म्हणाली. आवाज पुन्हा कामातला झाला होता. "व्यवस्थापक सुतार शोधतायत. तुम्ही ते करायचे. माझ्या आणि तुमच्या बिलातला अर्धा अर्धा भाग नाट्यगृहानं थेट बँकेला भरायचा. उरलेल्यात मी कापड आणीन, तुम्ही लाकूड. मी वकीलबाईंना विचारते बँक ऐकेल का."

"आणि बाबांचं पाकीट?"

"ते बाबांना विचारा. मी त्यांच्याशी बोलत नाही."

अकराव्या दिवशी दुपारी ती दोघं बँकेच्या वसुली खात्यात टेबलासमोर बसली होती. टेबलापलीकडचे वसुली अधिकारी कोण? तेच सभ्य गृहस्थ! तिला बघून ते जरा ओशाळले, आणि या वेळी चहा त्यांनी मागवला. वकीलबाईंनी अर्ज नीट लिहून दिला होता. व्यवस्थापकांनी पत्र दिलं होतं, आणि त्यात खाली स्वतःच्या हातानं लिहिलं होतं की, या बाईंनी भरलेल्या खुर्च्यांतून आमचे प्रेक्षक मध्यंतरातसुद्धा उठत नाहीत. अधिकाऱ्यांनी सगळं वाचलं, आत साहेबांना दाखवून आले.

"साहेब तयार आहेत," ते म्हणाले. "गिऱ्हाइकांना गेलेली पत्रं आम्ही कोर्टाकडून मागे घेऊ. नाट्यगृहातून दर रांगेचा अर्धा भाग इकडे येईल. पण एक अट आहे. आधी हप्ते बुडालेत, तेव्हा एक जामीनदार लागेल. नियमित उत्पन्न असलेला."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. जामीनदार! कुठून आणायचा? तिला भाऊ नाही. त्याचे दोस्त दुकानाबरोबरच पांगले होते. वकीलबाईंना विचारावं तर त्यांनी आधीच किती केलं... तिची नजर टेबलावरच्या अर्जावर खिळली. त्यात एक जागा कोरी होती, आणि त्या कोऱ्या जागेत तिचं मशीन, तिच्या रांगा, तिची पुढची खोली, सगळं बुडताना तिला दिसत होतं.

"मी आहे की!"

मागच्या बाकावरून आवाज आला. ती गर्रकन वळली. छकुलीच्या खांद्यावर हात ठेवून बाबा उभे होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन्शनचं पुस्तक. कधी आले, कसे आले? दोन बस बदलून, न सांगता!

"मला कारखान्याची पेन्शन येते," ते पुढे येत म्हणाले. "थोडी आहे, पण नियमित आहे. आणि जावईबापू, माझं पाकीट आजपासून बंद. राहिलेलं मला पोचलं, असं धरा. ते आता इथे भरायचं."

'जावईबापू' सवयीनं निघून गेलं होतं. छकुलीनं ओठ चावला, तो सुतार खाली मान घालून उठून उभा राहिला... आणि कुणीही ते दुरुस्त केलं नाही.

अधिकारी गंभीर झाले. "आजोबा, नीट समजून घ्या. यांनी चुकवलं तर तुमच्या पेन्शनमधून कापलं जाईल. उद्या तुमच्याकडे काही उरणार नाही. पुन्हा विचार करा."

"विचार केलाय अकरा दिवस. दुसरं कामच नव्हतं," म्हातारा म्हणाला. "मला झळ बसू नये म्हणून यानं बँक बुडवली. पोरीला झळ बसू नये म्हणून मी हिच्याशी खोटं बोललो. आणि सगळी झळ हिलाच बसली. आता थोडी माझ्या अंगावर येऊ दे. कुठे करू सही?"

"बाबा, नको!" ती ओरडलीच. सगळ्या खात्यानं माना वर केल्या. "तुमचं औषधपाणी त्यावर चालतं! बाबा, माझं ऐका, दुसरं काहीतरी करू आपण, पण तुम्ही नका सही करू... बाबा!"

म्हाताऱ्यानं तिच्याकडे बघितलं, आणि त्याचा सुरकुतलेला चेहरा लहान मुलासारखा उजळून निघाला.

"बोललीस!" तो म्हणाला. "छकुले, ऐकलंस का? तीनदा बाबा म्हणाली! आता हवी तेवढी पेन्शन कापा माझी."

ती उठली. तिनं वडिलांना आपल्या खुर्चीवर बसवलं, आणि त्यांच्या मांडीवर डोकं टेकून, बँकेच्या त्या भर दुपारच्या गर्दीत, लहान पोरीसारखी रडली. म्हाताऱ्याचे खिळ्यांनी खरबरीत झालेले हात तिच्या केसांवरून फिरत राहिले. अधिकाऱ्यांनी उगाच कपाट उघडलं आणि बराच वेळ त्यात तोंड घालून काहीतरी शोधलं.

"जावईबापू, पेन द्या जरा," शेवटी बाबा म्हणाले.

त्यानं गडबडीनं कानामागची सुताराची पेन्सिल काढून पुढे केली.

"पेन्सिल चालत नाही हो!" कपाटातून आवाज आला, आणि छकुली रडता रडता फिस्सकन हसली.

मग खुर्चीवालीनं डोळे पुसले आणि अर्ज हातात घेतला. "थांबा. कुणी काही सही करायची नाही. आधी मी वाचणार, मोठ्यानं, सगळा. आणि समजलं नाही तिथे विचारणार." आणि तिनं वाचला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या बारीक अक्षरापर्यंत, चौघांना ऐकू जाईल अशा आवाजात, अडेल तिथे अधिकाऱ्यांना थांबवून. रांगेत मागे उभे असलेले लोक चुळबुळले, पण तिनं लक्ष दिलं नाही. बाबा प्रत्येक ओळीला मान डोलवत होते. तो सुतार लक्ष देऊन ऐकत होता, आणि एका ठिकाणी व्याजाचा दर पुन्हा वाचायला लावला तो त्यानंच.

वाचून झाल्यावर तिनं सही केली. तिच्याखाली त्यानं केली. आणि मग तिनं आपलं पेन वडिलांच्या बोटांत नीट बसवून दिलं.

"सावकाश, बाबा," ती म्हणाली. "आपल्याला काही घाई नाही."